चुकांची वही

सरांना शाळेतून जावं लागलं त्याला आता दीड वर्ष होईल. ज्या सभेत त्यांचं जाणं ठरलं त्या सभेला मीही होते. मला एकच प्रश्न विचारला गेला आणि मी त्याचं एका शब्दात उत्तर दिलं. त्या एका शब्दापायी माझी झोप उडाली असं लिहिलं तर खोटं होईल, झोप मला बरी लागते. पण दिवसा, भाजी निवडताना नाहीतर मुलांच्या वह्या बघताना, मध्येच हात थांबतो. हा माणूस वेडा होता, का आपण? कधी वाटतं तो. कधी वाटतं मी. कधी वाटतं दोघंही, आणि शहाणी काय ती आमची पोरं. लिहून काढलं तर काही कळेल म्हणून बसलेय, तेही नक्की नाही.

आमची शाळा तासगावच्या बाहेर, सांगली रस्त्याला, एका जुन्या बेदाणा शेडमध्ये भरते. शेड अध्यक्षांची. अध्यक्ष म्हणजे मोठे द्राक्ष बागायतदार. नातवासाठी शाळा काढली असं लोक म्हणतात आणि ते काही खोटं नाही. द्राक्षं वाळवायच्या जाळ्या काढून त्याच लोखंडी सांगाड्यावर फळ्या टाकल्या, त्यावर आमचं सगळं साहित्य. भिंती अर्ध्याच, वर हिरवी जाळी. हंगामात शेजारच्या शेडमध्ये गंधकाची धुरी दिली की आमची मुलं खोकत खोकत गुणाकार करतात.

मॉन्टेसरी म्हणजे बालवाडी, असं सगळ्या गावाचं मत होतं. माझंही होतं. लाकडी ठोकळे, रंगीत मणी, 'ताई, माझं झालं' आणि घरी. मोठ्या मुलांची मॉन्टेसरी असते, नऊ ते बारा वर्षांची मुलं एकाच वर्गात बसतात, इयत्ता नसते, घंटा नसते, परीक्षा नसते, हे मला नोकरीला लागल्यावर कळलं. मी कोरेगावची. डी.एड. झाले, लग्न होऊन तासगावात आले. नवरा फौजेत, त्यामुळे घरातले निर्णय मीच घ्यायचे आणि ते फोनवरून 'टेन्शन नको घेऊ' म्हणणार. माझी श्रावणी तेव्हा दहा वर्षांची होती आणि ती माझ्याच वर्गात होती. त्या मोठ्या वर्गाचे सर म्हणजे हे, आणि मी त्यांची मदतनीस.

सर पाटणकडचे. अठ्ठावीस वर्षं त्यांनी जिल्हा परिषदेच्या शाळेत काढली आणि एक दिवस राजीनामा देऊन, पन्नाशी उलटल्यावर, लांबच्या शहरात जाऊन पंचवीस-पंचवीस वर्षांच्या मुलींच्या रांगेत बसून हे शिक्षण घेतलं. का, ते कुणाला सांगितलं नाही. अंगाने आडदांड, मिशा भरघोस, आणि बसायचे मात्र वीतभर उंचीच्या स्टुलावर. गुडघे कानाशी यायचे. बालवर्गात सगळ्या तायाच असल्यामुळे तिथून वर आलेली पोरं सवयीने त्यांनाही ताईच म्हणायची. 'ओ ताई, माझी पट्टी राजवीरनं घेतली!' की हे 'आलो, आलो' करत निघाले.

मी एकदा म्हटलं, "सर, अहो सांगा की त्यांना. बरं दिसतं का ते?"

"कळंल की," ते म्हणाले. "मिशा हायेत."

एका मुलीला कळायला अडीच महिने लागले. कळलं तेव्हा ती एवढी लाजली की दोन दिवस त्यांच्याशी बोललीच नाही. सरांना त्या दिवशी जो आनंद झाला तो मला मुलगी झाल्यावर माझ्या सासऱ्यांना झाला नव्हता.

तर हा त्यांचा मुख्य धडा. मुलाची चूक मोठ्याने दाखवायची नाही. चूक ज्याची, सापडायची ती त्यालाच. बाकीच्या ताया पण हे म्हणतात, प्रशिक्षणात तसं शिकवतातच. साहित्यच असं बनवलेलं असतं की मणी उरला, खूण जुळली नाही, की मुलाला आपोआप कळावं. पण इतर ताया चार वेळा गप्प बसून पाचव्यांदा 'बघ बरं नीट' म्हणतात. सर पाचव्यांदाही गप्प, पन्नासाव्यांदाही गप्प. कुणी विचारलं, 'सर, बरोबर आहे का?' की दोनच शब्द. 'परत मोज.'

शाळेचं घड्याळ मुलांनी सेल बदलताना वीस मिनिटं पुढे लावलं. सरांनी बघितलं, मी बघितलं. मी स्टूल घेऊन निघाले तर त्यांनी हाताने थांबवलं. दोन आठवडे आमची शाळा वीस मिनिटं आधी जेवली आणि वीस मिनिटं आधी सुटली. पालक फाटकाशी येऊन बघतात तर पोरं उन्हात उभी. शेवटी राजवीरच्या लक्षात आलं की रोज जेवायच्या वेळी रस्त्यावरून जाणारी सांगलीची एसटी हल्ली जेवण झाल्यावर जाते. एसटी एकवेळ उशिरा येईल, पण रोज सारखाच उशीर कसा करेल? त्याने दोन दिवस वेळ टिपली आणि मग धावत आला. "सर! घड्याळ चुकलंय!"

सर स्टुलावरून उठले, त्याच्यापुढे उकिडवे बसले आणि विचारलं, "कवा सापडलं?"

हा त्यांचा प्रश्न. का चुकलं, कसं चुकलं, कुणी चुकवलं, यातलं काही नाही. कवा सापडलं? आणि मग खांद्यावरच्या पिशवीतून एक लांबट वही निघायची. चुकांची वही. तिला चार रकाने. तारीख, कोण, काय, आणि शेवटचा रकाना 'कवा सापडलं'. पोरं वाकून वाकून बघायची आपलं नाव आलं का. आमच्या लहानपणी चुकांवर लाल शाई असायची नि पाठीत धपाटा. इथे चूक सापडली की पोरगं फुशारकी मारत फिरायचं.

वही उघडीच असायची, म्हणून मी एकदा वाचली. 'राजवीर, सत्तेचाळीस गुणिले छत्तीस, नऊ दिवस.' 'हॉटेलवाला, च्यात साखरेऐवजी मीठ, अर्धा तास.' म्हणजे फाट्यावरच्या हॉटेलात यांनी मीठ घातलेला चहा मुकाट पिऊन टाकला होता, आणि तो स्वतः पिईपर्यंत वाट बघत बसले होते. आणि मध्येच एके ठिकाणी, 'मी, नोकरी सोडली.' शेवटचा रकाना रिकामा. मी पान उलटलं. दुसऱ्याच्या घरात चुकून कपाट उघडावं तसं झालं मला.

पालकांना त्यांनी एकदाच बोलावलं, काळी पट्टी दाखवायला. ही पट्टी म्हणजे शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाणारं काळं कापड, रुळावर गुंडाळलेलं. पृथ्वी जन्मली तेव्हापासूनचा काळ. सर एक अक्षर न बोलता ती उलगडत जातात आणि मुलं मागून चालतात. काळं, काळं, नुसतं काळं. अगदी शेवटी एक पांढरा दोरा आडवा शिवलेला. माणूस तेवढाच. मुलं या वेळी एकदम गप्प होतात, माझ्याही अंगावर काटा येतो. पालकांनी मात्र घड्याळं बघितली. एक जण दोऱ्याशी वाकून म्हणाला, "आणि आपलं तासगाव कुठं आलं यात?"

"दोऱ्याच्या बी पलीकडच्या कडंला," सर म्हणाले.

"आणि हे स्कॉलरशिपच्या परीक्षेला येतंय का?"

"न्हाई."

तो माणूस माझ्याकडे बघून हसला. मीही हसले. का हसले असेन? एका बाजूला मला ती पट्टी आवडायची, दुसऱ्या बाजूला मला त्या माणसाचा प्रश्न पटला होता. जावेचा मुलगा श्रावणीएवढाच. त्याला पंचवीसपर्यंत पाढे पाठ. आमच्या कन्येला ज्वालामुखी, नांगराचा इतिहास आणि डायनासोरची विष्ठा यांबद्दल तासभर बोलता येतं, पण सतरा साती किती म्हटलं की ती पेटीतले मणी आणायला उठते. एकदा न राहवून मी सरांना म्हटलं, "श्रावणीला सतराचा पाढा येत नाही हो."

"तिला ठाव हाय का?"

"काय?"

"येत न्हाई त्ये."

"नसावं."

"मग आजून वेळ हाय," म्हणून ते निघून गेले. मी घरी येऊन ह्यांना फोन केला. ते म्हणाले, टेन्शन नको घेऊ.

मोठ्या वर्गात एक पद्धत आहे, बाहेर जाण्याची. सहल वेगळी. सहलीत शिक्षक नेतात आणि मुलं मागून जातात. इथे मुलांना एखादा प्रश्न पडतो, त्याचं उत्तर शाळेत नसतं, मग चार-पाच मुलं मिळून ठरवतात, पत्र लिहितात, परवानगी मागतात, गाड्या बघतात आणि जातात. बरोबर एक मोठं माणूस असतं, पण ते नुसतं असतं. वेगळ्या बाकावर बसतं, आपलं तिकीट आपण काढतं. जीवावर बेतल्याशिवाय बोलत नाही.

श्रावणी, राजवीर आणि आणखी तिघांना प्रश्न पडला की आपल्या बागेत कृष्णेचं पाणी येतं, पण नदी तर खाली आहे आणि बाग वर. पाणी चढतं कसं? म्हणून नदीकाठच्या एका गावातलं पाणी उचलायचं पंपघर बघायचं ठरलं. मुलांनी तिथल्या साहेबांना पत्र लिहिलं. साहेबांनी दुपारी तीनची वेळ दिली. मग मुलांनी तासगाव स्टँडवर जाऊन गाड्यांच्या वेळा लिहून आणल्या आणि बेत एका मोठ्या कागदावर मांडून खिळ्याला अडकवला. सकाळची गाडी गावात जाते आणि परत फिरते. अकराची जाते आणि परत फिरते. दोनची जाते आणि परत फिरते. शेवटची पावणेसहाला पोचते. मुलांनी तिच्यापुढे लिहिलं होतं, 'हीच परत फिरणार. आपण हिनेच यायचं. सात वाजता घरी.'

कागद वाचला आणि मला लगेच दिसलं. शेवटची गाडी परत फिरत नाही, ती मुक्कामी असते. रात्रभर गावात थांबते आणि पहाटे निघते. कोरेगावकडे माझ्या आजोळी अशीच गाडी यायची. ड्रायव्हर-कंडक्टर देवळात पथारी टाकायचे आणि आजी त्यांना भाकरी पाठवायची. एसटीचं साधं शास्त्र आहे हे. पण पोरं स्कूटरवर वाढलेली, त्यांना काय कळणार? येते ती जाते, एवढंच त्यांनी बघितलेलं.

मी पेन्सिलीने त्या ओळीपुढे बारीक प्रश्नचिन्ह काढलं. तेवढ्यात सरांची चप्पल वाजली. मुलांच्या कागदावर मोठ्यांनी काही लिहायचं नाही असा त्यांचा नेम. मी पटकन ते खोडलं. सर आले, कागद वाचला, शेवटच्या ओळीवर त्यांची नजर थांबली, मी बघितली. मग ते काही न बोलता मण्यांच्या साखळ्या लावायला गेले.

तीन दिवस तो कागद खिळ्याला होता. तीन दिवस मी गप्प होते. आता खरं सांगायचं तर माझ्या मनात नुसता त्यांचा नेम नव्हता. होऊ दे एकदा फजिती, असंही होतं. पाच पोरं स्टँडवर अडकली, अध्यक्षांना जीप पाठवावी लागली, की हा माणूस ताळ्यावर येईल आणि माझ्या पोरीला पाढे शिकवेल. फार तर तासभर उशीर, यात कुणाचं काय जातं? असा माझा हिशेब.

त्या दिवशी सात वाजता आम्ही पाच घरची माणसं तासगाव स्टँडवर उभी होतो. गाडी नाही. मी सरांना फोन लावला.

"आमी बरं हाय," सर म्हणाले. मागे कुत्री भुंकत होती आणि पोरांचा गलका चालला होता.

"कुठे आहात?"

"पोरं नकाशा काढून बघत्यात. त्यांस्नी गावलं की सांगतो."

"तुम्हाला माहीत नाही?"

"मला ठाव हाय."

"मग सांगा ना!"

"आवं बाई, पोरांच्या आधी मी कसं सांगू?" आणि फोन ठेवला.

अध्यक्षही आले होते, त्यांनी विचारलं, कुठे आहेत? मी काय सांगणार? माणसं बरी आहेत, पण कुठे आहेत ते त्यांनाच अजून सापडायचंय? मला रडू यायला लागलं आणि त्याच वेळी हसूही, आणि आपल्याला नक्की काय होतंय ते कळेना.

तासाभराने श्रावणीचाच फोन आला. "आई, आम्ही मोठ्या रस्त्याच्या फाट्यावर आलोय. पानपट्टीवाले काका म्हणतात इथनं जीपला वीस मिनिटं लागतील. माझी हनुवटी फुटलीय, पण आम्ही बरोबर आलोय."

झालं होतं असं. गाडी आली, कंडक्टर म्हणाला ही आता पहाटे जाईल. पोरांनी पारावर बसून सभा घेतली. सर वीस पावलांवर. तीन किलोमीटर चालून मोठ्या रस्त्याला लागायचं ठरलं. उसातून जाताना एके ठिकाणी वाट फुटत होती, तिथे चुकले आणि फिरून पुन्हा पंपघराच्या दिव्यांपाशी आले. तिथे नकाशा काढला. दुसऱ्या खेपेला अंधारायला लागलं होतं. वाटेतल्या एका पुलाच्या कठड्यावरून श्रावणी घसरली. तेव्हा मात्र सर वीस पावलं दोन पावलांत आले, तिला उचलली, आपल्या टॉवेलने हनुवटी बांधली आणि फाट्यापर्यंत कडेवर आणली. दहा वर्षांची घोडी. नंतर मी वहीत बघितलं. 'पाच जण, मुक्कामी गाडी, पावणेसहा.' 'पाच जण, वाट, पाऊण तास.' पडण्याचं काही लिहिलं नव्हतं. मी विचारलं तर म्हणाले, "पडनं ही चूक न्हवं बाई. पडनं त्ये पडनं."

तीन टाके पडले. टाके घालताना ती डॉक्टरांना पंप कसा चालतो ते सांगत होती आणि डॉक्टर 'तोंड बंद ठेव' म्हणत होते.

सभा रविवारी झाली. तीस-चाळीस पालक पोरांच्या स्टुलांवर बसलेले. सर आपल्या नेहमीच्या कोपऱ्यात. अध्यक्षांनी विचारलं, "सर, ती गाडी मुक्कामी आहे हे तुम्हाला आधी माहीत होतं?"

"व्हय."

"मग सांगितलं का नाही?"

"पोरांनी इचारलं न्हाई."

एकच गोंधळ झाला. माझ्या शेजारची बाई म्हणाली, "आवं, ह्येंच्या घरात काय लेकरं हायेत का न्हाईत?" लेकरं नव्हती. अध्यक्ष मात्र समजुतीचे. त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं आणि म्हणाले, "हे बघा. वर्गात दोन शिक्षक आहेत. दोघांनाही माहीत असून दोघं गप्प बसले असतील, तर ती शाळेची पद्धत म्हणायची. मग आपण पद्धतीवर बोलू, ती सुधारू, सर इथंच राहतील. पण एकट्या सरांनाच माहीत असेल, तर हा त्यांचा हट्ट. मग मला दुसरं काही करता येणार नाही." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, टाके तुमच्या पोरीला पडलेत. तुम्हीच सांगा. तुम्हाला माहीत होतं?"

चाळीस माणसं माझ्याकडे बघत होती. सासूबाई मागे बसल्या होत्या. श्रावणी दारात, हनुवटीला पट्टी. हो म्हटलं तर मी पोटच्या पोरीला जाणूनबुजून अंधारात पाठवणारी आई. नाही म्हटलं तर नुसती आई.

"नाही," मी म्हटलं.

सर पटकन म्हणाले, "बाईंस्नी कसं ठाव असंल? मी कुणालाच बोललो न्हवतो."

त्यांना ते खरंच वाटलं. माझी बाजू घ्यायला ते बोलले आणि तेवढ्यात त्यांची नोकरी गेली.

दोन दिवसांनी ते गेले. जाताना पोरांनी रडारड केली, बालवर्गातलं एक पोरगं 'ताई जाऊ नका' म्हणून पायाला बिलगलं. मी शेडच्या मागे जाऊन उगाच पाण्याची टाकी भरत उभी राहिले. आता त्यांच्या जागी नव्या ताई आहेत. हुशार आहेत, चुका हळूच, गोड आवाजात दाखवतात. पालक खूश आहेत. श्रावणीला सतराचा पाढा आला. कुणी शिकवला नाही, मण्यांच्या साखळीवरून तिचा तिने काढला. आता याला सरांची पद्धत म्हणायची का त्यांच्या जाण्याचा फायदा, मला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात आम्ही घर आवरत होतो. श्रावणीच्या फायलीत तो बेताचा कागद निघाला. मी म्हटलं, टाकून देऊ का? तिने तो माझ्या हातातून घेतला आणि उजेडाकडे तिरका धरला.

"आई, इथं तू काहीतरी लिहून खोडलंयस ना?"

शेवटच्या गाडीच्या ओळीपुढे प्रश्नचिन्हाचा वळ होता. मी पेन्सिल फार दाबून लिहिते.

"तुला कधी दिसलं?" मी विचारलं.

"सर जायच्या दिवशी. मी त्यांना दाखवलं पण."

"मग? काय म्हणाले?"

"म्हणाले, आईला आठवत नसंल. तिचं तिला सापडंल, तू बोलू नको."

"आणि तू एवढे दिवस बोलली नाहीस?"

"तू विचारलं नाहीस," ती म्हणाली आणि कागद पुन्हा फायलीत लावला. तिच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी पाटणला गेलो. बेत तिने केला, गाड्या तिने बघितल्या. मी माझं तिकीट माझं काढलं. कराडला गाडी बदलली, पाटणच्या पुढे वाडीची गाडी. चढायच्या आधी तिने कंडक्टरला गाठून विचारलं, "काका, ही परत येते का मुक्कामी असते?" कंडक्टर म्हणाला, "परत येतीया. चारला." तिने लिहून घेतलं. आता ही मुलगी जन्मात मुक्कामी गाडीला फसणार नाही. तीन टाक्यांत एवढं मिळालं, हे स्वस्त का महाग? मी खिडकीतून बाहेर बघत बसले.

सर पडवीत बसले होते. हजार मण्यांची साखळी तुटली होती, ती ओवत होते. शाळेसाठी स्वतः केलेलं साहित्य त्यांनी तिथेच ठेवलं होतं, ही त्यांची घरची होती. आम्हाला बघून एवढे खूश झाले की उठताना शंभरेक मणी सांडले. श्रावणीची हनुवटी धरून त्यांनी वण बघितला. "झॅक बसलाय," म्हणाले.

मी पाणीसुद्धा घेतलं नाही. उभ्यानेच म्हटलं, "सर, मला माहीत होतं. मुक्कामी गाडीचं. मी सभेत नाही म्हटलं, पण मला माहीत होतं."

त्यांचा चेहरा असा उजळला की मला पळून जावंसं वाटलं. ते माझ्यापुढे उकिडवे बसायला गेले, मी मोठी आहे हे लक्षात येऊन पुन्हा उभे राहिले आणि पिशवीतून वही काढली. तीच लांबट वही. तारीख लिहिली. 'कोण'मध्ये लिहिलं, 'बाई'. पेन्सिल शेवटच्या रकान्यावर नेली आणि मोठ्या मायेने विचारलं,

"कवा सापडलं?"

खोटं बोलायची ती दुसरी संधी होती. गेल्या आठवड्यात, कागद सापडला तेव्हा, असं म्हटलं असतं तर ते लिहून मोकळे झाले असते. शेजारी श्रावणी उभी होती.

"तेव्हाच," मी म्हटलं. "बोलतानाच माहीत होतं. मी काही विसरले नव्हते."

पेन्सिल थांबली. इतक्या वर्षांत मी त्या माणसाला गोंधळलेला कधी बघितला नव्हता. गोंधळायचे ते आम्ही. त्यांनी वहीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, पुन्हा वहीकडे.

"म्हंजी, सापडायचं कायच न्हवतं," ते हळू म्हणाले.

"नाही."

"मग ही चूक न्हवं, बाई."

त्यांनी 'बाई' हा शब्द खोडला, अगदी सावकाश, आणि वही मिटली. "ह्येला रकाना न्हाई माज्याकडं," म्हणाले, आणि खाली बसून सांडलेले मणी गोळा करायला लागले. श्रावणीही त्यांच्याबरोबर बसली. थोड्या वेळाने मीही बसले. मला कुणी बस म्हटलं नाही, आणि ऊठही म्हटलं नाही.